स्पा-फ्राँकोरशाँ: १४ किलोमीटरचा जुना रस्ता, ७.००४ किलोमीटरचा आजचा ट्रॅक आणि मधली सगळी वळणं

गिअरबॉक्स

बेल्जियन ग्रां प्री, म्हणजे स्पा ट्रॅकवरची फॉर्म्युला वन शर्यत, आली की दरवर्षी 'ओ रूज' हा शब्द कानावर पडतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागेसाठी वापरलेला असतो. म्हणून स्पाचा नकाशा एकदा नीट मांडावा म्हणतो. तपशिलात चूक दिसली तर दुरुस्त करा.

सुरुवात भूगोलापासून करायला हवी, कारण हा ट्रॅक कुणी कोऱ्या कागदावर आखलेला नाही. बेल्जियमच्या पूर्वेला आर्देनच्या टेकड्यांमध्ये फ्राँकोरशाँ, माल्मेदी आणि स्टाव्हलो ही तीन गावं आहेत. त्यांना जोडणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांचा त्रिकोण म्हणजे मूळ ट्रॅक. १९२० साली झ्यूल द तिए आणि आंरी लांग्लुआ व्हान ऑफेम या दोघांनी तो ठरवला. १९२० हे सालही महत्त्वाचं आहे. त्याआधी शंभरेक वर्षं माल्मेदी प्रशियाकडे, पुढे जर्मन साम्राज्यात होतं. व्हर्सायच्या तहाने ते बेल्जियमला मिळालं, तेव्हा कुठे हा त्रिकोण एका देशात आला. ओ रूज हा तिथला ओढा. लोहाच्या अंशामुळे त्याचं पाणी तांबूस दिसतं, म्हणून नाव 'लाल पाणी'. जुनी सरहद्द याच ओढ्यावर होती आणि शेजारी जकात नाका होता.

ऑगस्ट १९२१ मध्ये मोटारींची पहिली शर्यत ठरली, पण नाव नोंदवलं एकाच स्पर्धकाने. मग त्या वर्षी मोटरसायकली धावल्या. मोटारी १९२२ मध्ये आल्या, २४ तासांची शर्यत १९२४ मध्ये, आणि १९२५ ची पहिली ग्रां प्री अल्फा रोमिओ पी२ घेऊन अँटोनियो अस्कारीने जिंकली. तेव्हा एक फेरी १५ किलोमीटरला जराशी कमी होती.

आता ओ रूज. १९३९ पर्यंत गाड्या पुलावरून ओढा ओलांडून डावीकडे जुन्या जकात नाक्याकडे जात. तिथे उजवीकडे जवळजवळ पूर्ण उलटं वळण होतं, म्हणजे आपल्या घाटातलं हेअरपिन. ते घेऊन पुन्हा वर मुख्य रस्त्याला लागत. या वळणाचं नाव 'आंसियेन दुआन', म्हणजे जुना जकात नाका. १९३९ मध्ये ते वगळून ओढ्यापासून थेट टेकडीवर जाणारा नवा तुकडा बांधला. तो तुकडा म्हणजे रेदियों.

थोडक्यात, खाली ओढ्याजवळचं छोटं डावं वळण तेवढं ओ रूज. त्यानंतरची उजवी चढण आणि माथ्यावरचं आंधळं डावं वळण ही रेदियों. टीव्हीवर ज्याला ओ रूज म्हणतात, त्यातला खरा धोका रेदियोंचा आहे.

आजची फेरी क्रमाने अशी: ला सूर्स (उजवं हेअरपिन), उतार, ओ रूज, रेदियों, केमेल सरळ रस्ता, ले कोंब (उजवं-डावं), माल्मेदी (उजवं), रिव्हाज ऊर्फ ब्रुसेल्स (उताराचं लांब उजवं), एक छोटं डावं, पूऑं (दुहेरी डावं), फान्य (उजवं-डावं), कांपुस, स्टाव्हलो (उजवं, आता पॉल फ्रेरचं नाव), ब्लाँशिमाँ (डावं) आणि बस स्टॉप शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण). ले कोंबपासून स्टाव्हलोपर्यंतचा दरीतला भाग १९७९ चा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग म्हणजे जुन्या सार्वजनिक रस्त्याचीच वाट.

जुनापेपर

उत्तम धागा. जुन्या ट्रॅकच्या उरलेल्या भागाबद्दल लिहितो, कारण आजच्या नकाशात तो दिसतच नाही.

आज केमेलच्या टोकाला गाड्या ले कोंबला उजवीकडे वळतात. जुन्या ट्रॅकवर त्या तिथून पुढे बुर्नाँव्हीलच्या उताराला लागत. बुर्नाँव्हील म्हणजे वस्तीतून जाणारं लांबच लांब उजवं वळण. मग माल्मेदी, मग मास्टाचा सरळ रस्ता आणि त्याच्या मधोमध 'मास्टा किंक'. हे किंक घरांच्या मधून जाणारं डावं-उजवं होतं, आणि गाडी सर्वोच्च वेगात असतानाच ते घ्यावं लागे. तिथे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर पुढच्या सगळ्या सरळ रस्त्यावर वेग कमी पडे. नाही उचलला आणि हातभर चुकलं, तर समोर घराची भिंत किंवा तारेचा खांब. पुढे स्टाव्हलो. आधी गाड्या गावाच्या तोंडाशी जाऊन वळत. नंतर गावाला बगल देणारं, कललेलं जलद वळण बांधलं आणि फेरी १४.१ किलोमीटरची झाली.

ट्रॅक अधिक वेगवान करायचा हे तेव्हाचं धोरण होतं. जकात नाका गेला, स्टाव्हलोचं वळण गेलं. हळू जाण्याच्या जागा एकेक करून काढल्या आणि कडेची झाडं, घरं, कुंपणं तशीच राहिली. १९३९ मध्ये पावसात आघाडीवर असलेला रिचर्ड सीमन ला सूर्सच्या अलीकडे झाडावर आदळला, गाडी पेटली आणि त्याच रात्री तो गेला. १९६० च्या ग्रां प्रीत सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाक निखळलं आणि माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. दोघेही गंभीर जखमी झाले. दुसऱ्या दिवशी शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो बुर्नाँव्हीलला अपघातात ठार झाला आणि थोड्याच वेळात ॲलन स्टेसी तोंडावर पक्षी आदळून ठार झाला.

जुन्या ट्रॅकवरची सर्वात जलद फेरी १९७३ ची आहे. आंरी पेस्कारोलो, मात्रा, ३ मिनिटं १३.४ सेकंद. सरासरी ताशी २६२ किलोमीटर, सार्वजनिक रस्त्यावर.

ओलाडांबर

१९६६ चा उल्लेख राहिला, आणि तो व्हायलाच हवा. सुरुवातीच्या वेळी रस्ता कोरडा होता. पहिल्याच फेरीत बुर्नाँव्हीलच्या बाजूला धो धो पाऊस लागला आणि गाड्या एकामागून एक घसरल्या. जॅकी स्टुअर्टची बीआरएम मास्टाजवळ रस्त्याबाहेर गेली. टाकी फुटून पेट्रोल त्याच्या अंगावर सांडत होतं आणि वाकलेल्या सांगाड्यात पाय अडकले होते. त्याला बाहेर काढलं ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोन ड्रायव्हरांनी. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्याला बाहेर ओढता येईना आणि पाना कुणाकडे नव्हता. शेवटी एका प्रेक्षकाच्या हत्यारांतून पाना आणला. यात जवळजवळ २५ मिनिटं गेली. एक ठिणगी पुरली असती.

काय काय चुकलं ते पाहा. जागेवर मार्शल नाही, डॉक्टर नाही, पाना नाही, आणि लीज शहराच्या वाटेवर ॲम्ब्युलन्सही रस्ता चुकली. त्यानंतर स्टुअर्टने सुरक्षेसाठी जो आग्रह धरला, त्याचं मूळ या २५ मिनिटांत आहे. १९६९ ची शर्यत ड्रायव्हरांच्या बहिष्कारामुळे झाली नाही. १९७० मध्ये कठडे आणि माल्मेदीला तात्पुरतं शिकेन लावून एक शर्यत झाली, ती पेद्रो रॉड्रिगेझने बीआरएममधून जिंकली. मग फॉर्म्युला वन निव्हेल आणि झोल्डर या दुसऱ्या बेल्जियन ट्रॅकांवर गेली आणि १९८३ मध्ये ७ किलोमीटरच्या नव्या ट्रॅकवर परतली.

पाऊस इतका बेभरवशाचा का? टेकड्या आणि दाट झाडी हे एक कारण. ट्रॅकची लांबी हे दुसरं. ला सूर्सला ऊन आणि पूऑंला सर, हे तिथे नित्याचं आहे. त्यामुळे टायर बदलताना पिटच्या (गाड्या थांबून टायर बदलतात त्या जागेच्या) डोक्यावरचं आभाळ बघून उपयोग नाही, दरीतलं बघावं लागतं. आणि चुकीचे टायर घेऊन बाहेर पडलात, तर पुन्हा पिटला यायला पूर्ण सात किलोमीटर रांगावं लागतं. लहान ट्रॅकवर हीच चूक निम्म्या किमतीत सुटते.

अपेक्स

रेदियोंबद्दल तांत्रिक बाजू मांडतो.

ला सूर्सनंतर रस्ता ओढ्याकडे उतरतो आणि तिथून माथ्यापर्यंत साधारण ४० मीटर चढतो. सर्वात तीव्र जागी चढ सुमारे १७ टक्के. तळाशी उताराचा एकदम चढ होतो तेव्हा गाडी जमिनीत दाबली जाते, आणि माथ्यावर चढ संपतो तेव्हा हलकी होते. म्हणजे पकड सर्वात जास्त असते ती जागा आणि सर्वात कमी असते ती जागा, यांच्यामध्ये काही सेकंदच असतात.

ड्रायव्हरच्या दृष्टीने क्रम असा. उतारावरून उजव्या कडेने यायचं, तळाशी डाव्या कर्बला (कडेच्या उंच पट्टीला) जेमतेम स्पर्श, लगेच उजवीकडे वळून चढण, मग माथ्यावर डावं. माथ्यावरचं डावं वळण दिसायच्या आधी स्टिअरिंग फिरवावं लागतं, कारण समोर फक्त आकाश असतं. तळाला डावा कर्ब जास्त खाल्ला, तर गाडी दबलेली असतानाच उसळते आणि उजव्या वळणाला मागची चाकं हलकी पडतात. मधेच घाबरून पाय उचलला, तर वजन पुढे सरकून तेच होतं. पाय उचलायचाच तर ओढ्याच्या आधी, गाडी सरळ असताना.

आजच्या फॉर्म्युला वन गाडीला कोरड्यात क्वालिफायिंगच्या (सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्यांच्या) वेळी इथे पाय उचलावा लागत नाही. पावसात, जड टाकीवर किंवा दुसऱ्या गाडीच्या मागे मात्र हे पूर्वीइतकंच अवघड वळण आहे.

खरी अडचण निराळीच आहे. मागचं टोक सुटलेली गाडी डावीकडच्या कठड्याला आदळून परत रस्त्यावर येते, आणि मागून येणाऱ्याला माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. २०२१ च्या क्वालिफायिंगमध्ये लँडो नॉरिसची गाडी अशीच आदळून ट्रॅकवर परत आली. ३१ ऑगस्ट २०१९ ला फॉर्म्युला टूमध्ये आंत्वान युबेरचा जीव गेला, तोही कठड्यावर आदळून थांबत आलेल्या गाडीला मागच्या गाडीने धडक दिल्याने. पहिल्या धडकेसाठी गाड्या मजबूत झाल्या आहेत. थांबलेल्या गाडीच्या कुशीत बसणाऱ्या दुसऱ्या धडकेला अजून पुरेसं उत्तर नाही.

२०२२ च्या कामात डावीकडचा कठडा मागे सरकवला, मोकळी जागा वाढवली आणि ला सूर्स, रेदियों, ब्लाँशिमाँ वगैरे ठिकाणी खडीचे पट्टे आणले. खडी मोटरसायकलींसाठीही हवी होती, कारण २४ तासांची मोटरसायकल शर्यत त्याच वर्षी परत आली.

गिअरबॉक्स

अपेक्स, मागच्या टोकाबद्दल अगदी बरोबर. एक पुरवणी. तळाच्या दाबामुळे गाडीचा तळ डांबराला घासतो आणि खालची फळी झिजते. फळी १० मिलिमीटरची असते, ९ च्या खाली गेली की बाद. १९९४ मध्ये शूमाखर इथे पहिला आला आणि फळी जास्त झिजल्याने बाद झाला, विजय डेमन हिलला मिळाला. म्हणून स्पाला गाडी थोडी उंच ठेवावी लागते, आणि उंच ठेवली की बाकी सगळ्या वळणांवर डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर) जातो. स्प्रिंटच्या (जादा छोटी शर्यत असते त्या) आठवड्यात एकच सराव मिळतो, त्यामुळे ही उंची ठरवणं हे संघांसाठी सर्वात अवघड गणित असतं.

डिफ्यूझर

विंगचंही (डाउनफोर्स देणाऱ्या पंखाचंही) तसंच त्रांगडं आहे. फेरीच्या तीन भागांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या सेक्टरमध्ये सरळ रस्ते, तिथे पातळ विंग हवी. दुसऱ्या सेक्टरमध्ये रिव्हाज, पूऑं, फान्य, तिथे जाड विंग हवी. एका फेरीचा वेळ बघितला तर दोन्ही मार्ग जवळजवळ सारखे निघतात. पण शर्यतीत पातळ विंगवाल्याला केमेलवर मागचा ओलांडू शकत नाही, आणि पाऊस आला तर तोच सर्वात आधी घसरतो. म्हणजे शनिवारी विंग निवडणं म्हणजे रविवारच्या हवामानावर पैज लावणं.

याचं सुंदर उदाहरण २००९ चं आहे आणि ते आपल्या देशाच्या परवान्यावर धावणाऱ्या संघाचं आहे. फोर्स इंडियाची गाडी कमी ड्रॅगची, म्हणजे हवेचा कमी विरोध होणारी, होती. फिसिकेलाने तिच्यावर पोल (सुरुवातीची सर्वात पुढची जागा) घेतली आणि शर्यतीत दुसरा आला. संघाचे ते पहिलेच गुण. सेफ्टी कार (धोक्याच्या वेळी सगळ्यांना हळू नेणारी गाडी) आत गेल्यावर केमेलवर रायकोनेनने त्याला ओलांडलं ते केर्सच्या (ब्रेकची ऊर्जा साठवून परत देणाऱ्या यंत्रणेच्या) जादा ताकदीवर. त्यानंतर फिसिकेला शेवटपर्यंत सेकंदभराच्या अंतरावर होता, पण ते अंतर त्याला मोडता आलं नाही.

स्पाला पहिल्या फेरीत पोलवाला तोट्यात असतो, तेही याच कारणाने. ला सूर्स ते ले कोंब एवढ्या अंतरात मागच्याला पुढच्या गाडीच्या आडोशाने भरपूर ओढ मिळते. २०१८ मध्ये व्हेटलने हॅमिल्टनला, २०२५ मध्ये पियास्त्रीने नॉरिसला याच पट्ट्यात गाठलं.

मीटरपट्टी

लांबीबद्दल एक छोटी गोष्ट, कारण हा प्रश्न नेहमी येतो. ७.००४ गुणिले ४४ केलं तर ३०८.१७६ किलोमीटर होतात. अधिकृत अंतर मात्र ३०८.०५२. ही चूक नाही. सुरुवातीची रेषा आणि शेवटची रेषा वेगळ्या आहेत, त्यांच्यात १२४ मीटरचं अंतर आहे.

ओलाडांबर

डांबराचाही किस्सा इथे नोंदवायला हवा. १९८५ ची शर्यत जूनच्या सुरुवातीला होती. पावसाचं पाणी लवकर निचरावं म्हणून शर्यतीच्या अगदी आधी नवं डांबर टाकलं. ते पुरेसं मुरलं नव्हतं. त्यात ऊन कडक पडलं. रुंद, चिकट टायरांनी वळणांवर खडी अक्षरशः उपटून काढली. दुरुस्त केलेले तुकडेही टिकले नाहीत, कारण खालचा थरच मऊ होता. शर्यत सप्टेंबरमध्ये ढकलली आणि ओल्या ट्रॅकवर आयर्टन सेनाने जिंकली. नव्या डांबरातली तेलं आधी वर येतात, ती उडून जाऊन थर कडक व्हायला आठवडे लागतात. तोपर्यंत त्यावर शर्यतीचे टायर आणायचे नसतात.

प्रश्नचिन्ह

माहितीपूर्ण चर्चा. दोन प्रश्न आहेत. २०२१ ला शर्यत का झाली नाही, पाऊस तर पूर्वीही असायचा? आणि २०२४ ला रसेल वजनात बाद झाला, त्याचा ट्रॅकशी संबंध होता असं वाचलं, तो कसा?

अपेक्स

पहिल्याचं उत्तर: अडचण पाण्यापेक्षा तुषारांची. पावसाचा एक टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी उडवतो. चार चाकं आणि वीस गाड्या असं गणित करा. केमेलवर दोन्ही बाजूंना झाडी आहे, त्यामुळे ते धुकं वाऱ्याने उडून जात नाही, तिथेच तरंगतं. टायर पकड देतात, पण ड्रायव्हरला समोरच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नाही. २०२१ मध्ये सेफ्टी कारमागे मोजक्या फेऱ्या झाल्या, एका फेरीचा निकाल धरला आणि निम्मे गुण दिले. त्यानंतर नियम बदलला. आता सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्या तरच गुण मिळतात. जुलै २०२३ मध्ये याच केमेलवर, पावसात, दिलानो व्हान्ट हॉफ हा १८ वर्षांचा ड्रायव्हर अपघातात गेला. त्यामुळे शर्यत थांबवली की 'ड्रायव्हर घाबरट झाले' असं कुणी म्हणू नये, अशी मनापासून विनंती.

मीटरपट्टी

दुसऱ्याचं उत्तर: इतर ट्रॅकवर शर्यत संपली की ड्रायव्हर एक पूर्ण फेरी सावकाश मारतात आणि रेषेबाहेर पडलेले रबराचे तुकडे मुद्दाम टायरला चिकटवून घेतात. त्याने वजन थोडं वाढतं. स्पाला ती फेरीच नसते. झेंडा पडला की गाड्या ला सूर्सला वळून पिटच्या बाहेर पडायच्या वाटेने उलट्या आत येतात. रसेलने दहाव्या फेरीत एकदाच टायर बदलले आणि उरलेल्या ३४ फेऱ्या त्याच टायरवर काढल्या. टायर झिजून हलके झाले आणि रबर गोळा करायला संधीच मिळाली नाही. टाकी रिकामी केल्यावर गाडी ७९६.५ किलो भरली, किमान वजन ७९८ होतं. दीड किलोने विजय गेला, तो हॅमिल्टनला मिळाला.

डच_मराठी

नेदरलँड्स आणि जर्मनीच्या पश्चिम भागातून इथे गाडीने जाणारे मराठी लोक बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

बसायचं कुठे: स्वस्त तिकिटावर केमेलच्या कडेचा चढ आणि पूऑंची टेकडी या दोन जागा. पूऑंला गाडी बराच वेळ दिसते आणि वेगाचा अंदाज येतो. केमेलच्या चढावरून रेदियों चढून येणाऱ्या गाड्या दिसतात, पण जागेसाठी पहाटे जावं लागतं. ला सूर्सच्या स्टँडवरून सुरुवात आणि पिट दिसतात, बाकी ट्रॅक दिसत नाही.

बूट: चिखलाचेच. पाऊस पडला की गवताचा उतार साबणासारखा होतो आणि पार्किंगसाठी दिलेल्या शेतांत गाड्या रुततात. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, मागच्यांना दिसत नाही. ट्रॅकभोवती चालायचं तर चढ-उतार धरून पूर्ण दिवस ठेवा. उंच आणि सखल जागेत १०० मीटरचा फरक आहे.

आणि २०२८ व २०३० ची सुट्टी ठरवताना लक्षात ठेवा, त्या दोन वर्षी स्पा कॅलेंडरवर नाही.

सिम_रेसर

सिमवर (संगणकावरच्या शर्यतीत) जीटी३ ही स्पोर्ट्स कार घेऊन फेरी मारणाऱ्या नव्या मंडळींसाठी एवढंच. बहुतेक जण रेदियोंवर तासन्‌तास घालवतात. वेळ मात्र रिव्हाज आणि पूऑंमध्ये जातो. रिव्हाजला रस्ता उतरता आहे, बाहेरच्या बाजूला कललेला आहे आणि वळण संपता संपत नाही. तिथे लवकर आत घुसलात तर बाहेर पडताना थ्रॉटल द्यायला जागाच राहत नाही. आत उशिरा जा. पूऑंला उलटं आहे. ब्रेक हलका, आत जाताच सोडायचा, आणि दोन डावी वळणं एकच समजून एकाच स्टिअरिंगने न्यायची. मधे दुरुस्ती केलीत की दुसऱ्या डाव्याला गाडी बाहेर ओढते.

जुनापेपर

प्रश्न आला नव्हता, पण बस स्टॉपचं नाव खरोखरच एसटीच्या थांब्यासारख्या एका साध्या थांब्यावरून पडलं आहे. २००० सालापर्यंत हा रस्ता रहदारीला खुला होता आणि त्या वळणाशी गावची बस थांबत असे. मूळ शिकेन थांब्याच्या जागेतून डावं-उजवं आणि लगेच उजवं-डावं असं जात असे. २००७ च्या फेरबदलात ते गेलं. आता साधं उजवं-डावं आहे, थांबा नाही, नाव तेवढं राहिलं.